जावई मॅकग्रेगर, पण घरच्या बायबलात लिहिलंय 'ड्रमंड' – मूळ आडनाव कोणतं?

प्रश्न थोडक्यात असा. धुळ्याच्या एका काकूंची लेक कॅनडात, नोव्हा स्कोशिया प्रांतातल्या हॅलिफॅक्सला असते. जावयाचं आडनाव मॅकग्रेगर. नातीला शाळेत वंशवृक्ष करून न्यायचाय. आईकडच्या सात पिढ्या काकूंनी फोनवर तोंडपाठ सांगितल्या, पण बापाकडच्या बाजूला गाडं अडलं. त्यांच्याकडच्या जुन्या बायबलाच्या पहिल्या पानावर जावयाच्या खापरपणजोबांनी लिहून ठेवलंय, "आमची माणसं ड्रमंड म्हणून आली, मॅकग्रेगर म्हणून राहिली." काकूंना चार गोष्टी हव्यात: खरं आडनाव कोणतं, ही मंडळी स्कॉटलंडात कुठली, समुद्रापार कशी गेली, आणि जावयाने दुकानातून चौकटीसकट आणलेलं 'घराण्याचं मानचिन्ह' खरं की खोटं.

मी गेली बावीस वर्षं एडिंबरात राहून लोकांच्या वंशावळी शोधून देतो. सगळ्यात जास्त फसवणारं आडनाव कोणतं असं कुणी विचारलं तर मी हेच नाव सांगेन. म्हणून उत्तर लांबणार आहे.

काकू, बायबलातल्या वाक्याला कुणी 'म्हाताऱ्याची कथा' म्हणून हसत असेल तर हसू देऊ नका. स्कॉटलंडात पावणेदोनशे वर्षांच्या आत-बाहेरच्या काळात मॅकग्रेगर हे नाव लावणं कायद्याने गुन्हा होता. खुनाची किंवा दरोड्याची गोष्ट वेगळी, इथे नाव हाच गुन्हा. त्यामुळे या घराण्याचा माग काढताना आडनावाच्या मागे धावलात तर हमखास चुकता. जागा धरायची, शेजारी धरायचे, जमीनमालक कोण ते धरायचं. नाव शेवटी.

आधी नावाचा अर्थ, कारण तो तुम्हाला आवडेल. 'मॅक' म्हणजे गेलिक भाषेत मुलगा. ग्रेगर हे ग्रीक 'ग्रेगोरिओस'वरून आलेलं, अर्थ जागता, सावध. ग्रीकमधला तो धातू आणि संस्कृतातला 'जागृ' हे भाषाशास्त्राच्या हिशेबाने एकाच मुळाचे. लेकीच्या लग्नानंतर तुम्ही खंडोबाचा जागर घातला असेल, तर त्यातला 'जागर' आणि जावयाचा 'ग्रेगर' लांबचे चुलतभाऊ निघाले. नातीच्या तक्त्यावर हे पहिल्या ओळीत लिहा, बाई खूश होतील.

स्पेलिंगचा वाद मात्र घालू नका. 'मॅक' पूर्ण लिहिलं म्हणजे स्कॉटिश आणि मधला ए गाळला म्हणजे आयरिश, हे मला दर महिन्याला कुणीतरी ठामपणे सांगतं. त्यात तथ्य नाही. एकाच माणसाच्या लग्नाच्या नोंदीत एक रूप, मुलाच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीत दुसरं आणि थडग्यावर तिसरं, असं मी अनेकदा पाहिलंय. लिहिणारा पाद्री, त्याची सवय, त्याची शाई. मॅकग्रिगर, ग्रेगर, ग्रेगरी हीही त्याच रांगेतली रूपं. पण ग्रेगरी दिसला की मॅकग्रेगरच, असं उलट धरू नका.

आणखी एक. गेलिकमध्ये बाईच्या नावापुढे 'मॅक' लागत नाही, 'निक' लागतं, म्हणजे 'अमक्याच्या मुलाची लेक'. लग्नानंतरही स्कॉटलंडातल्या जुन्या नोंदींत बाईचं माहेरचं आडनाव टिकतं, अगदी थडग्याच्या दगडावरसुद्धा. ही आम्हा शोधणाऱ्यांना मोठी देणगी आहे. इंग्लंडच्या वह्यांत बायका नवऱ्याच्या नावाखाली बुडून जातात, इथे त्या सापडतात.

आता मूळ ठिकाण. नकाशावर ग्लासगोच्या उत्तरेला लोमंड सरोवर शोधा. त्याच्या पूर्वेला कॅट्रिन सरोवर, मग बॅलक्विडर, आणि वायव्येला वर गेलं की ग्लेन ऑर्की आणि ग्लेन स्ट्रे. ग्लेन म्हणजे डोंगरातलं खोरं. हा मॅकग्रेगरांचा मुलूख. कुळाचं बोधवाक्य 'आमचं कूळ राजाचं' अशा अर्थाचं आहे आणि नवव्या शतकातल्या आल्पिन राजवंशाशी नातं सांगितलं जातं. प्रत्येक कुळाला सूर्यवंश नाहीतर चंद्रवंश लागतोच, तसं समजा. कागदाला धरून बोलायचं तर चौदाव्या शतकातल्या ग्रेगर नावाच्या पुरुषापासून सुरुवात होते. त्याचा मुलगा इयन, टोपणनाव 'काणा', १३९० मध्ये वारला.

घात झाला तो जमिनीमुळे. शेजारी होते कॅम्पबेल, आणि कॅम्पबेलांना कागद करून घ्यायची सवय होती. राजाची सनद, लग्नातून आलेला वारसा, गहाणखत, सगळं पेटीत. मॅकग्रेगरांचा भरवसा वहिवाटीवर आणि तलवारीवर. १४३२ मध्ये कॉलिन कॅम्पबेलाला ग्लेन ऑर्की मिळालं, त्याने ऑ सरोवराच्या टोकाला किलखर्नचा किल्ला बांधला, आणि ज्यांचं खोरं होतं ते त्याचे कुळवाडी झाले. पुढच्या दीडशे वर्षांत ते कुळवाडी राहिले, कधी कॅम्पबेलांचे हस्तक झाले, कधी बंडखोर, आणि शेवटी अनेकजण नुसते बिनजमिनीचे, गुरं पळवणारे. १५७० मध्ये ग्लेन स्ट्रेच्या प्रमुखाचं डोकं कॅम्पबेलाने उडवलं. त्याची बायको कॅम्पबेलांचीच लेक होती. तिच्या तोंडी असलेला विलाप गेलिक बायका आजही अंगाईसारखा गातात. माहेरच्यांनी नवरा मारला आणि मांडीवर पोर, असं ते गाणं आहे. एवढं सांगून पुढे जातो, नाहीतर इथेच थांबेन.

७ फेब्रुवारी १६०३. लोमंड सरोवराजवळच्या ग्लेन फ्रून खोऱ्यात मॅकग्रेगरांनी लसच्या कोल्हून लोकांचा पराभव केला. (स्पेलिंग बघून हे नाव कुणालाच उच्चारता येत नाही, इथले लोक 'कहून' म्हणतात.) आरोपपत्रात कोल्हूनांच्या बाजूचे सात विसा, म्हणजे १४० माणसं मारली गेल्याचं लिहिलंय. आधीच्या डिसेंबरातल्या एका हल्ल्यानंतर कोल्हूनांकडच्या बायका रक्ताने माखलेले सदरे घेऊन स्टर्लिंगला राजासमोर गेल्या होत्या, त्यामुळे राजा सहावा जेम्स आधीच भडकलेला. तेवढ्यात २४ मार्चला इंग्लंडची राणी एलिझाबेथ वारली आणि जेम्सला लंडनची गादी मिळाली. ५ एप्रिलला तो निघाला. निघण्याच्या दोन दिवस आधी, ३ एप्रिल १६०३ ला, त्याच्या सल्लागार मंडळाने हुकूम काढला: मॅकग्रेगर हे नाव रद्द. जो लावील त्याला देहदंड.

कुळाचा प्रमुख अलास्टर याला आर्गाइलच्या अर्लने, म्हणजे तिथल्या सरदाराने, शब्द दिला की तुला सुखरूप स्कॉटलंडबाहेर पोचवतो. शब्द अक्षरशः पाळला. सरहद्द ओलांडून इंग्लंडच्या मातीवर पाय ठेवू दिला, आणि तिथून परत धरून आणला. २० जानेवारी १६०४ ला एडिंबरात भर चौकात फाशी. मी ऑफिसला जाताना रोज त्या चौकावरून जातो. आता तिथे पर्यटकांना भुताच्या गोष्टी सांगणारे उभे असतात.

पुढचे कायदे वाचले की कळतं हे सगळं किती बारकाईने केलं होतं. १६१३ मध्ये ठरलं की पूर्वी मॅकग्रेगर असलेल्या चारांहून अधिक माणसांनी एकत्र जमायचं नाही, आणि मांस कापायच्या बिनटोकाच्या सुरीशिवाय हत्यार बाळगायचं नाही. १६१७ मध्ये संसदेने बंदी पक्की केली. १६३३ च्या कायद्यात तर पाद्र्याने कुठल्याही मुलाचा ग्रेगर नावाने बाप्तिस्मा करायचा नाही आणि कारकुनाने त्या नावाने दस्त लिहायचा नाही, असंही घातलं. काकू, आमच्या धंद्याच्या दृष्टीने याचा अर्थ बघा. ज्या दोन ठिकाणी माणसाचं नाव कागदावर उमटतं, चर्चची वही आणि जमिनीचा दस्त, ती दोन्ही दारं बंद केली. १६६१ मध्ये दुसऱ्या चार्ल्सने बंदी उठवली, कारण मॅकग्रेगर त्याच्या बापाच्या बाजूने लढले होते. १६९३ मध्ये विल्यमच्या राज्यात ती परत लागली. कायमची उठली १७७४ मध्ये.

मग या काळात ही माणसं होती कुठे? तिथेच होती. नाव बदलून. ज्याच्या जमिनीवर राहायचं त्याचं आडनाव घ्यायचं, कारण मालकाचं नाव म्हणजे संरक्षण. कुणी मरे झाले, कुणी ग्रँट, ग्रॅहम, स्ट्यूअर्ट, कुणी चक्क कॅम्पबेल. पर्थशायर परगण्यात, म्हणजे बॅलक्विडरच्या बाजूला, ड्रमंड हे मोठं जमीनदार घराणं होतं, म्हणून त्या भागात ड्रमंड. तुमच्या जावयाच्या बायबलातला ड्रमंड बहुधा इथला. कथा-कादंबऱ्यांतून गाजलेला बंडखोर रॉब रॉय मॅकग्रेगर, त्याचं नाव ऐकलं असेल, १६७१ चा जन्म, १७३४ मध्ये मृत्यू, बॅलक्विडरला थडगं आहे. बंदी परत लागल्यावर तो सही करायचा रॉबर्ट कॅम्पबेल, आईच्या माहेरच्या आडनावाने. त्याचा मुलगा जेम्स मोर मात्र ड्रमंड म्हणवून घ्यायचा. एकाच चुलीवरचे बाप-लेक, कागदावर दोन आडनावं, आणि घरी दारात हाक मारताना दोघेही मॅकग्रेगर. गेलिक बोलणाऱ्या गावात माणूस 'लाल केसांचा डोनल्ड, काळ्या जॉनचा मुलगा' असाच ओळखला जायचा. आडनाव सरकारसाठी होतं.

तेव्हा 'मूळ आडनाव कोणतं' याचं माझं उत्तर: घरात मॅकग्रेगर, कागदावर ड्रमंड, दोन्ही खरी. फक्त एक सावधगिरी. खापरपणजोबांनी ते लिहिलं, पण स्थलांतर झालं तेव्हा ते जन्मलेही नसणार. ऐकीव माहिती आहे. ऐकीव माहितीत नावं टिकतात, क्रम उलटतो. एखादी मॅकग्रेगर बाई ड्रमंडाला दिली असेल आणि मुलांनी आईचं नाव उचललं असेल, हेही शक्य आहे. ते तपासायचं कसं, पुढे सांगतो.

त्याआधी तुमच्या धुळ्याची गोष्ट, जी तुम्ही विचारली नाही. बंदी उठल्यावर कुळाला प्रमुख हवा होता. जो निवडला गेला तो ईस्ट इंडिया कंपनीच्या बंगाल फौजेतला अधिकारी, कलकत्त्यात हिशेबतपासनीसांचा प्रमुख झालेला. नाव जॉन मरे. हो, मरे. कुळातल्या ८२६ जणांनी सही करून त्याला आपला प्रमुख मानलं, आणि १७९५ मध्ये त्याला बॅरोनेट हा वंशपरंपरागत किताब मिळाला. म्हणजे हायलँडच्या, स्कॉटलंडातल्या डोंगराळ मुलखातल्या, कुळाची गादी कंपनी सरकारच्या पगारावर परत उभी राहिली. त्याचा मुलगा इव्हन. तोही सैनिक, इंग्रज-मराठ्यांच्या शेवटच्या युद्धात सर थॉमस हिस्लॉपच्या फौजेबरोबर होता. होळकरांशी जानेवारी १८१८ मध्ये मंदसोरचा तह झाला, त्यात खानदेशातले किल्ले कंपनीला मिळाले. २७ फेब्रुवारीला हिस्लॉप तापीकाठच्या थाळनेरला पोचला. किल्लेदार तुळशीराम मामा किल्ला सोडेना. दरवाज्यात बोलणी चालू असताना आत गेलेल्या गोऱ्या अधिकाऱ्यांवर आतल्या अरबांनी हल्ला केला. मेजर गॉर्डन आणि रॉयल स्कॉट्स पलटणीचा कॅप्टन मॅकग्रेगर ठार झाले, आणि लेफ्टनंट कर्नल मॅकग्रेगर मरे, म्हणजे हाच इव्हन, जबर जखमी झाला. त्यानंतर शिबंदी कापून काढली आणि किल्लेदाराला फाशी दिली. या फाशीवरून पुढे इंग्लंडातही हिस्लॉपवर टीका झाली, ती व्हायलाच हवी होती.

शिरपूर तालुक्यातलं थाळनेर तुम्हाला मी काय सांगणार. पण नातीला सांगा, तुझ्या बापाच्या कुळाचा प्रमुख तुझ्या आजीच्या जिल्ह्यात तापीच्या काठी रक्तबंबाळ होऊन पडला होता. नाव मात्र 'मरे' म्हणून शोधावं लागतं. १८२२ मध्ये घराण्याने मॅकग्रेगर नाव राजाच्या परवान्याने परत घेतलं. त्याच वर्षी चौथा जॉर्ज एडिंबराला आला तेव्हा स्कॉटलंडच्या राजमुकुटावर पहारा द्यायला हाच इव्हन आपली माणसं घेऊन उभा होता. पुढे तो कॅरिबियन बेटांवर गव्हर्नर झाला, आधी डॉमिनिका, मग अँटिग्वा, मग बार्बेडोस, आणि १८४१ मध्ये तिथेच वारला.

कॅरिबियनचं नाव निघालंच आहे तर एक गोष्ट टाळता येत नाही. तिथे आज स्कॉटिश आडनावांची माणसं भरपूर भेटतात, त्यातली बहुसंख्य कृष्णवर्णीय. जमैकात तर कॅम्पबेल जागोजागी. ही आडनावं मळ्यांच्या मालकांची आणि मुकादमांची. कधी रक्ताने आली, बहुतेकदा जबरदस्तीने; कधी नुसती मालकीची खूण म्हणून चिकटली. नाव हिसकावून घेतल्याचं दुःख ज्या कुळाला माहीत होतं, त्या डोंगरांतली माणसं तिकडे जाऊन दुसऱ्यांची नावं पुसत होती. कुळाच्या मेळाव्यांत हे कुणी फारसं बोलत नाही. मी बोलतो, त्यामुळे मला आमंत्रणं कमी येतात.

समुद्रापार जायच्या वाटा अनेक होत्या. सगळ्यात जुनी जवळची: आयर्लंडच्या उत्तरेला, अल्स्टरला. तिथून १७१८ मध्ये जेम्स मॅकग्रेगर नावाचा प्रेस्बिटेरियन (स्कॉटलंडातला मुख्य प्रॉटेस्टंट पंथ) पाद्री आपल्या मंडळींना घेऊन न्यू इंग्लंडला गेला, आणि पुढच्या वर्षी न्यू हॅम्पशरमध्ये लंडनडेरीची वसाहत झाली. अमेरिकेतली कित्येक मॅकग्रेगर घराणी स्वतःला 'स्कॉच-आयरिश' म्हणतात ती या वाटेने गेलेली. डब्लिनचा तो मारामारीचा खेळ खेळणारा कॉनर मॅकग्रेगर तुमच्या नातवंडांना माहीत असेल. आयर्लंडात हे आडनाव कुठून, याचं उत्तर साधारण असंच, समुद्राच्या त्या चिंचोळ्या पट्टीवरून शतकानुशतकं चाललेली ये-जा. त्याच्याशी किंवा नट इव्हन मॅकग्रेगरशी जावयाचं नातं काय, हे तुम्ही ताजा कलम म्हणून विचारलंय. आडनावाचं. त्याहून जास्त काही कुणी सांगितलं तर पुरावा मागा.

पदच्युत स्ट्यूअर्ट राजघराण्याला गादी परत मिळावी म्हणून झालेल्या १७१५ च्या जॅकोबाइट बंडानंतर कैदी म्हणून व्हर्जिनिया, मेरिलँड, साउथ कॅरोलायनाला पाठवलेले वेगळे. ब्रिटिश फौजेतून अमेरिकेत लढून जमीन मिळवलेले वेगळे. १८१८ मध्ये पर्थशायरमधून ऑन्टॅरिओतल्या बेकविथला गेलेली गेलिक बोलणारी कुटुंबं वेगळी. आणि फसवले गेलेले तर फारच वेगळे. कॅट्रिन सरोवराकाठच्या ग्लेनगाइलचा ग्रेगर मॅकग्रेगर, दक्षिण अमेरिकेत स्पेनविरुद्ध बोलिव्हारच्या बाजूने लढलेला, १८२१ च्या सुमारास लंडनला परतला आणि आपण 'पोयाइस' नावाच्या देशाचे राजे आहोत असं सांगू लागला. मध्य अमेरिकेच्या मॉस्किटो किनाऱ्यावर राजधानी, बँक, ऑपेरा, सगळं असल्याची बतावणी. नोटा छापल्या, कर्जरोखे विकले, जमिनी विकल्या. एक जहाज लंडनहून आणि १८२३ च्या जानेवारीत दुसरं एडिंबराच्या लीथ बंदरातून निघालं, दोन्ही मिळून सुमारे अडीचशे माणसं. तिथे पोचल्यावर दिसलं नुसतं जंगल. निम्म्याहून जास्त तापाने आणि उपासमारीने मेली. महाशय मात्र पुढे व्हेनेझुएलात पेन्शन खाऊन १८४५ मध्ये सन्मानाने पुरले गेले. प्लॉट बघितल्याशिवाय पैसे देऊ नये, हे लीथच्या लोकांनी तेव्हाच शिकायला हवं होतं.

तुमचा भाग नोव्हा स्कोशिया, त्यामुळे तिथे जरा थांबतो. हेक्टर नावाचं जहाज स्कॉटलंडातल्या लॉख ब्रूमवरून १७७३ च्या सप्टेंबरात नोव्हा स्कोशियातल्या पिक्टू बंदराला पोचलं, त्यात सुमारे १९० माणसं होती आणि वाटेत अठरा जण, बहुतेक मुलं, दगावली. आता नोव्हा स्कोशियातलं प्रत्येक स्कॉटिश घर आपले पूर्वज हेक्टरवर होते असं सांगतं. तेवढी माणसं चढली असती तर जहाज बंदरातच बुडालं असतं. हेक्टरची मंडळी मुख्यतः उत्तरेकडच्या रॉस-शायरची होती. तुमचे पर्थशायरकडचे असतील तर वेगळ्या जहाजाने, बहुधा नंतर आलेले. पिक्टूला १७८६ मध्ये गेलिक बोलणारा पाद्री आला, त्याचंही नाव जेम्स मॅकग्रेगर, हा पर्थशायरचाच. अल्स्टरच्या जेम्सशी गल्लत करू नका, मी स्वतः एकदा व्याख्यानात केली होती. या पिक्टूच्या पाद्र्याने १७८८ मध्ये दुसऱ्या एका प्रेस्बिटेरियन पाद्र्याला जाहीर पत्र लिहिलं की तू घरात गुलाम मुलगी ठेवलीस, तिला सोड. नुसतं लिहिलं नाही, तुटपुंज्या पगारातून पैसे घालून माणसं सोडवली. या घराण्याच्या नावाचा अभिमान बाळगायचाच असेल तर राजवंशापेक्षा मी या माणसाचा बाळगेन.

आणखी एक विल्यम मॅकग्रेगर. ॲबर्डीनशरच्या गरीब घरातला, डॉक्टर होऊन फिजीला गेला. ११ मे १८८४ ला कलकत्त्याहून गिरमिटियांना घेऊन जाणारं 'सिरिया' जहाज नासिलाईच्या प्रवाळावर फुटलं, ५९ माणसं गेली. बाकीच्यांना ओढून काढायला पाण्यात उतरलेल्यांत हा सगळ्यात पुढे होता. नंतर न्यू गिनी, लागोस, न्यूफाउंडलंड, क्वीन्सलंड इतक्या ठिकाणी त्याने कारभार पाहिला. ॲबर्डीनशर हे लोमंड सरोवरापासून बरंच लांब. बंदीच्या काळात पांगलेली माणसं तिथवर पोचली होती, एवढं यातून लक्षात घ्या.

आता प्रत्यक्ष शोध. हॅलिफॅक्सवरून उलटं चालायचं, स्कॉटलंडपासून सुरुवात करायची नाही. नव्वद टक्के लोक इथेच चुकतात: रॉब रॉयपासून खाली यायला बघतात. नोव्हा स्कोशियात जन्मनोंदी १८६४ ते १८७७ सरकारी आहेत, मग १९०८ पर्यंत खंड. मधल्या काळासाठी चर्चच्या वह्या आणि जनगणना. १८७१ च्या जनगणनेत माणसाचं मूळ विचारलंय, तिथे खापरपणजोबांच्या वडिलांचं घर सापडायला हवं. त्यानंतर जमिनीचे अर्ज बघा. वसाहतीत आलेल्याला जमीन हवी तर गव्हर्नरकडे अर्ज करावा लागे आणि त्यात तो स्वतःबद्दल दोन ओळी सांगतो. ड्रमंड नावाने अर्ज आणि पंधरा वर्षांनी त्याच जमिनीच्या विक्रीवर मॅकग्रेगर नावाची सही, असं काही मिळालं तर बायबलातलं वाक्य सिद्ध झालं म्हणून समजा. म्हणून शोधताना नाव बदला, जमिनीचा तुकडा बदलू नका. कबरस्तानही चुकवू नका. पिक्टूकडच्या जुन्या दगडांवर 'पर्थशायरच्या अमुक पॅरिशचा (एका चर्चच्या हद्दीतल्या गावांचा) रहिवासी' असं कोरलेलं बरेचदा असतं, आणि त्या एका शब्दासाठी मी लोकांना बर्फातून पाठवलंय.

पॅरिश कळली की स्कॉटलंडच्या बाजूला माझं काम सुरू होतं. इथे सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ ला सुरू झाली. त्या पहिल्या वर्षाच्या दाखल्यांत इतकी माहिती भरायला लावली की कारकून वैतागले आणि पुढे रकाने कमी केले. एक युक्ती सांगतो. गेलेल्या भावाला शोधू नका, मागे राहिलेल्या बहिणीला शोधा. ती १८५५ नंतर म्हातारी होऊन वारली असेल, तर तिच्या मृत्यूच्या दाखल्यावर आई-बापाची नावं असतात, आईचं माहेरचं आडनावही असतं. म्हणजे १७७० च्या आसपास जन्मलेल्या बाईचे आई-बाप १८५५ च्या कागदावर सापडतात. त्याआधीच्या काळाला पॅरिशच्या जुन्या वह्या. हायलँडमधल्या बऱ्याच वह्या अठराव्या शतकात सुरू होतात, मध्ये पानं नाहीत, उंदरांनी खाल्लेली आहेत.

नावांची पद्धतही मदत करते. थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचं नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचं, थोरल्या मुलीला आईच्या आईचं. सगळे पाळत नसत, पण पाळलं असेल तर मुलांच्या क्रमावरून आजोबा ओळखता येतो. याच पद्धतीचा तोटा असा की एका गावात पाच चुलतभाऊ डंकन आणि पाचही मॅकग्रेगर. मी एकदा आठ महिने चुकीच्या डंकनमागे घालवले. दोघांच्याही बायकांचं नाव कॅथरिन. शेवटी वहीच्या समासात लिहिलेलं वाडीचं नाव पाहिलं आणि उलगडा झाला: एक डंकन ओढ्याच्या अलीकडचा, एक पलीकडचा. तेव्हापासून मी वाडीचं नाव आधी वाचतो, माणसाचं नंतर.

जनुकीय चाचणीबद्दल जावई विचारेलच. बापाकडून मुलाकडे जाणारं वाय गुणसूत्र आडनावावरच्या बंदीला जुमानत नाही, त्यामुळे या कुळाच्या बाबतीत ती खरोखर कामाची आहे. कागदावर पिढ्यान्‌पिढ्या कॅम्पबेल असलेला माझा एक ऑस्ट्रेलियन अशील चाचणीत मॅकग्रेगरांच्या रांगेत जाऊन बसला. दोन दिवस त्याला आनंद झाला, तिसऱ्या दिवशी कळलं की टॅटू कॅम्पबेलांचा आहे. उलटंही होतं. पिढीजात मॅकग्रेगर कुणाशीच जुळत नाही, कारण मालकाचं नाव घेणारे नोकर होते, दत्तक मुलं होती, आणि माणसं माणसांसारखी वागली होती. एका घरात अशी गोष्ट निघाली की मी ती थोरल्या भावाला सांगितली आणि आजोबांना सांगायची की नाही हे त्याच्यावर सोडलं. चाचणी करण्याआधी घरात बसून हे बोला. आणि ती जावयाने किंवा त्याच्या वडिलांनी द्यावी लागेल, नातीच्या थुंकीतून हा धागा मिळणार नाही.

मानचिन्ह. स्कॉटिश कायद्यात ते घराण्याचं नसतंच, एका माणसाचं असतं. लॉर्ड लायन नावाचा अधिकारी ते देतो आणि १६७२ पासून त्याची नोंदवही आहे. दुकानदाराने विकलं ते कुणातरी एका मॅकग्रेगराचं, बहुधा प्रमुखाचं चिन्ह आहे. कुळातल्या माणसाने पट्टा आणि बक्कल यांच्या वर्तुळातलं प्रमुखाचं शिरचिन्ह टोपीला लावायला हरकत नाही. चौकटीतली ढाल भिंतीवर राहू द्या, सुंदर दिसते, फक्त नातीच्या तक्त्यावर 'आमचं' म्हणून चिकटवू नका.

आता मला तीन गोष्टी पाठवा. बायबलाच्या त्या पानाचा फोटो, पण फक्त त्या पानाचा नाही. मुखपृष्ठाच्या आतली बाजू, छापल्याचं वर्ष असलेलं पान आणि शेवटची कोरी पानंही. बायका मुलांच्या जन्मतारखा बहुधा मागे लिहीत. दुसरं, खापरपणजीचं माहेरचं आडनाव. ते कुणालाच आठवत नसेल तर घरातल्या मुलांची मधली नावं लिहून पाठवा, माहेरची आडनावं तिथे लपलेली असतात. आणि तिसरं, त्यांची जुनी जमीन कुठल्या नदीकाठी होती ते जावयाच्या वडिलांना विचारा. आडनाव विचारू नका, त्यावर ते तासभर बोलतील.